स्क्रोल सॉ घ्यायचंय, कुठून सुरुवात करू?

ड्रायबाल्कनी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४७, पुण्यात कोथरूडला टू बीएचके, नोकरी आयटीतली, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. लॉकडाऊनपासून स्क्रोल सॉचे व्हिडिओ बघायचं व्यसन लागलंय. ते बारीक दोऱ्यासारखं ब्लेड वरखाली होतं आणि माणूस हाताने फळी फिरवत जातो नि त्यातून मोर, झाड, जाळी काय वाट्टेल ते निघतं, रात्री दोन दोन वाजेपर्यंत बघतो. आता स्वतः करून बघायचंय. शाळेत कार्यानुभवाला एकदा लाकडी ट्रे केला होता, त्यापलीकडे अनुभव शून्य.

प्रश्न असे की मशीन कोणतं घ्यावं, दहा-पंधरा हजाराच्या आत काही बरं मिळतं का, लाकूड कुठलं आणि कुठून आणायचं, ब्लेडं इथे मिळतात का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज आणि भुसा. जागा फक्त ड्राय बाल्कनीत आहे, वॉशिंग मशीनच्या शेजारी. खाली राहणारे काका सोसायटीचे सेक्रेटरी आहेत.

बायकोचं म्हणणं, ट्रेडमिलवर कपडे वाळतात, याच्यावर काय वाळत घालणार ते आधी ठरव.

वाचकमात्र
वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

सुतारपक्षी
धागा बघून लॉगिन केलं बऱ्याच महिन्यांनी. अकरा वर्षं हेच करतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

मशीन आत्ता घेऊ नका. आधी हाताची फ्रेट करवत घ्या, तीच यू आकाराची चौकट, सोनाराकडे असते तशी. पाचेकशे रुपयांत येते. एक फळी घ्या, तिला पुढून इंग्रजी व्ही सारखी खाच पाडा, ती टेबलाला क्लॅम्पने आवळा, खाचेवर प्लाय ठेवून करवत उभी धरून वरखाली चालवा. दात खाली तोंड करून असले पाहिजेत, म्हणजे कापणं खाली ओढताना होतं. महिनाभर हे करा. वळण घेताना करवत फिरवायची नसते, लाकूड फिरवायचं असतं, हे एकदा हाताला समजलं की मशीनवर निम्मं काम झालं. आणि महिन्यात कंटाळा आला तर पाचशेच गेले.

मशीन घ्याल तेव्हा एकच गोष्ट बघा, पिनवालं ब्लेड लागतं की बिनपिनचं. स्वस्त मशिनांत पुष्कळदा फक्त पिनवालंच बसतं. ब्लेडाच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, त्यामुळे लावायला सोपं, पण जाळीचं काम करताना प्रत्येक भोकातून ब्लेड ओवून घ्यावं लागतं आणि ती पिन जायची म्हणजे भोक चांगलं मोठं पाडावं लागतं. बारीक नक्षी विसरा. बिनपिनचं ब्लेड दीड-दोन मिलिमीटरच्या भोकातून जातं. ब्लेड साधारण ५ इंची असतं दोन्हीकडे. दुकानदाराला विचारलंत तर तो म्हणेल सगळी सारखीच असतात हो साहेब. नसतात.

ब्लेडांचे नंबर असतात, जितका मोठा नंबर तितकं जाड. ६ मिमी प्लायला ३ नंबर, अर्धा-पाऊण इंच लाकडाला ५ किंवा ७. सुरुवातीला ५ नंबरचं डझनभर आणि ३ नंबरचं डझनभर. आणि ब्लेडं तुटतात. पहिल्या दिवशी माझी चार तुटली होती, पाचवं मी रागाने तोडलं.

गिअरबॉक्स
सुतारपक्षींशी आदरपूर्वक असहमत. हातकरवतीनेच माझा छंद मेला होता. दोन तास मनगट दुखवून एक वाकडा हत्ती निघाला, तोही सोंड तुटका. करवत माळ्यावर गेली ती दोन वर्षांनी मशीन घेतलं तेव्हाच खाली आली. ज्याला मुळात मशीनवरचं काम बघून आवड लागलीय त्याला हातकरवत देणं म्हणजे पोहायला शिकायला आलेल्याला आधी महिनाभर बादलीत तोंड बुडवायला सांगणं.

सरळ १६ इंची मशीन घ्या. १६ इंची म्हणजे ब्लेडापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर, तेवढी फळी आत फिरू शकते. वेग कमीजास्त करायची सोय हवीच, मिनिटाला ४०० ते १६०० फेरे असं काहीसं लिहिलेलं असतं. एकाच वेगाचं मशीन घेऊ नका, पातळ प्लाय असली की थरथरते आणि चिरफाळते.

माझं पहिलं मशीन (नाव घेत नाही, उगाच वाद) चालू केलं की टेबलावरून चालत चालत कडेला यायचं. मी एका हाताने फळी धरायचो नि पोटाने मशीन. शेवटी वजनदार टेबलाला नटबोल्टने आवळलं, मध्ये जुनी योगा मॅट घातली, तेव्हा थांबलं. काकांचा प्रश्न याच्यातच सुटतो, आवाज मोटरचा कमी आणि थरथरीचा जास्त असतो. बाल्कनीच्या भिंतीला टेबल टेकवू नका एवढं पाळा.

सुतारपक्षी
@गिअरबॉक्स, हत्तीची सोंड आडव्या रेषेत काढली होतीत का? सोंड लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतूंना, आडवी आली की तुटणारच, त्यात करवतीचा काय दोष :)

गिअरबॉक्स
काढली होती. पण तेव्हा कुणी सांगायला नव्हतं ना.

लेझरलाल
मला एक कळत नाही. ज्या डिझाइनला तुम्ही चार संध्याकाळी घालवणार ते लेझरवाला वीस मिनिटांत कापून देतो, दीड-दोनशे रुपयांत. आमच्या गल्लीत तीन लेझरवाले झालेत. मशीन, ब्लेड, मास्क, बायकोची बोलणी, कशाला?

मृण्मयी_नागपूर
@लेझरलाल, चार संध्याकाळी घालवायच्या म्हणूनच.

सुतारपक्षी
लेझरचंही काम चांगलं असतं, मी स्वतः करून घेतो कधी कधी. पण कडा जळून काळ्या होतात, घासून काढाव्या लागतात. गल्लीतल्या लहान लेझरवर ३-४ मिमी प्लाय ठीक, त्याला पाऊण इंची सागाची फळी द्या आणि तोंड बघा. आणि स्क्रोल सॉचं टेबल तिरकं करता येतं. दोन वेगळ्या रंगांच्या फळ्या एकावर एक ठेवून दोन-तीन अंश तिरकं कापलं की एकाचा तुकडा दुसऱ्याच्या भोकात पाचरीसारखा घट्ट बसतो, मधे फटच दिसत नाही. ते लेझरला कठीण आहे. म्हैसूरला रोजवूडमध्ये दुसऱ्या रंगांची लाकडं बसवून हत्ती नि बैलगाड्या करतात त्यांची ती तुकडे कापायची करवत बघा, हीच, हाताची.

ओहायोकर
इकडची गंमत सांगतो. इथे गराज असल्याने हे प्रकरण बऱ्याच घरांत असतं, जुनी मशीनं गराज सेलला मिळतात. मी वापरलेलं डीवॉल्टचं डीडब्ल्यू ७८८ घेतलं, २० इंची. भारतात भावाला द्यावं म्हणून बॅगेत घालायला गेलो. मशीन ५६ पौंड, म्हणजे साडेपंचवीस किलो. बॅगेची मर्यादा २३. बायको म्हणाली बॅगेशिवाय नेलंस तरी अडीच किलो जास्तच होतंय, पाय काढून ठेव. मशीनचे की माझे ते विचारलं नाही.

कुणी नातेवाइकांकडून मागवायचा विचार करत असेल तर सांगतो, वजन सोडा, इकडे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, तिकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ तेच राहतात. काही मोटरी ५० हर्ट्झवर हळू चालतात नि तापतात. ब्लेडं मात्र जरूर मागवा. बारा डझन ब्लेडं पाकिटात मावतात.

पेठेतला
पुण्यासाठी: लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात. वखारीत गेलात की आधी पांढरा शर्ट घालून जाऊ नका, भाव वाढतो. तुकडे मागा, "साहेब शोपीस करायचेत, कटपीस द्या" म्हणालात की कोपऱ्यातला ढीग दाखवतात, वजनावर देतात. हत्यारं बोहरी आळीत. स्क्रोल सॉ म्हटलं की जिगसॉ दाखवतील. दोन्ही वेगळं असतं हे त्यांना पटवून देण्यात वेळ घालवू नका, चहाची वेळ होते.

वाचकमात्र
फरक काय पण दोन्हीत? मलाही जिगसॉच वाटत होतं.

पेठेतला
जिगसॉ हातात धरून लाकडावर चालवायचं, ब्लेड एकाच टोकाला धरलेलं. स्क्रोल सॉ जागेवर असतं, ब्लेड वर आणि खाली दोन्हीकडे ताणलेलं, लाकूड तुम्ही त्याच्याकडे न्यायचं. हातशिलाई आणि शिवणयंत्र म्हणा.

आजोबा_नाशिक
जिगसॉवरून आठवलं. लहान मुलांचं जिगसॉ पझल असतं त्याची सुरुवात याच करवतीच्या भावंडातून झाली. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा माणूस होता, त्याने नकाशा लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमेवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला. पुढे इंग्लंडात फ्रेटवर्कचं, म्हणजे लाकडी जाळीकामाचं, वेडच आलं, पायाने चालवायची यंत्रं घराघरांत. डेरहम गावच्या एका कंपनीचं हॉबीज नावाचं साप्ताहिक १८९५ ला सुरू झालं, सोबत नमुन्याचा कागद.

आमच्या लहानपणी वडिलांकडे असे पिवळे पडलेले कागद होते. सिंधी दुकानातून आणलेल्या चहाच्या खोक्याच्या प्लायवर ते घड्याळाची चौकट कापत. कागद चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. खळीला मुंग्या यायच्या आणि आई दोघांनाही बोलायची, मुंग्यांना आणि वडिलांना.

तळकोकणी
लाकडाबद्दल बोला की कोणीतरी. सगळे मशीनवरच अडकलेत.

आमच्या सावंतवाडीला चितारआळीत लाकडी फळं करतात ना, ती पूर्वी पांगाऱ्याची. हलकं, मऊ, सुरीने कापावं तसं. नवशिक्याला असं मऊ लाकूड दिलं की हात बसतो. पांगारा नाही मिळाला तर शिवण बघा, फिकट पिवळसर, वजनाला हलकी, गाठी कमी, वाकत नाही फारशी. सागाचं सगळ्यांना भारी कौतुक, पण सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार, ब्लेडाचे दात बघता बघता जातात. जुन्या खिडकीचं सागवान वापरणार असाल तर आधी खिळे शोधा. माका एकदा खिळो गावलो तो ब्लेडानेच शोधून दिलान.

फुकटात हवं असेल तर पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन. रंध्याने साफ केलं की छान दिसतं, फक्त गाठी टाळा.

मृण्मयी_नागपूर
प्लायबद्दल माझी भर. मी पाच वर्षं मुलांसाठी पझल आणि लोकांसाठी नावाच्या पाट्या करते. फर्निचरची नेहमीची प्लाय घेऊ नका, आत पोकळ्या असतात, कापता कापता मधेच पानाएवढा तुकडा निसटतो. बर्च प्लाय महाग आहे पण थर सारखे असतात, कड सुंदर येते. वॉटरप्रूफ प्लायचा गोंद कडक, ब्लेड लवकर बोथट होतं.

आणि पाट्या करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी इंग्रजी व्हिडिओत कुणीच सांगणार नाही. त्यांना एकेक अक्षर सुटं कापून मग ओळीत चिकटवावं लागतं, नाहीतर खाली पट्टी द्यावी लागते. आपल्याला शिरोरेखा आहे! आडनाव अख्खं एका तुकड्यात निघतं, रेषेला टांगलेलं. ग, ण, श यांचे दोन भाग सुटे असतात ना, तेही वरून धरले जातात. फक्त शिरोरेखा जरा जाड ठेवायची आणि लाकडाची रेषा आडवी, शिरोरेखेच्या दिशेने. उभी ठेवलीत तर दोन अक्षरांच्या मधे पाटी मोडते. काने आणि दांड्या मग आडव्या रेषेवर येतात, म्हणून त्याही जाड काढाव्या लागतात, किंवा सरळ प्लाय वापरायची.

अडचण एकच, अनुस्वार. तो कशालाच चिकटलेला नसतो.

गिअरबॉक्स
अरे हो! म्हणजे शिंदे, सावंत, साळुंखे यांनी हा छंद करू नये?

पेठेतला
त्यांनी परसवर्ण लिहावा. सावन्त. शुद्धलेखनवाले खूश, सुतारही खूश.

मृण्मयी_नागपूर
हसा तुम्ही. मी "आनंद" नावाच्या बंगल्याची पाटी केली होती, टिंब काडीएवढ्या बारीक देठाने रेषेला जोडलं, पंधरा दिवसांत कुणाचा तरी हात लागून पडलं. तेव्हापासून टिंब वेगळं कापते आणि मागे प्लायची पाठ लावून तिच्यावर चिकटवते. शिंदेंचं सोपं आहे, वेलांटीच्या टोकालाच टिंब टेकवायचं, डिझाइन वाटतं.

रिटायर्ड_डॉक्टर
मजा चाललीय ती चालू द्या, पण भुशाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. स्क्रोल सॉचा भुसा पिठासारखा बारीक असतो, डोळ्याला दिसतो त्यापेक्षा न दिसणारा वाईट. लाकडाचा भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत, मुख्यतः नाकाचा, नि तो वर्षानुवर्षं कारखान्यात काम करणाऱ्यांत. छंद म्हणून रविवारी करणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही, पण एन ९५ लावा, रुमाल नव्हे. एमडीएफ बंद खोलीत कापू नका, त्याच्या गोंदात फॉर्माल्डिहाइड असतं. शिसवीच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ येतं.

ड्राय बाल्कनीत शेजारी वॉशिंग मशीन आहे म्हणालात. धुतलेले कपडे बाल्कनीतून हलवण्याआधी स्क्रोल सॉ चालू करू नका. हा वैद्यकीय सल्ला नाही, वैवाहिक आहे.

ओहायोकर
डॉक्टरांना अनुमोदन. बोटांबद्दल विचाराल तर हे मशीन त्यातल्या त्यात सौम्य, टेबल सॉसारखं लाकूड फेकत नाही. पण सौम्य म्हणजे कापत नाही असं नाही. ब्लेडाच्या सरळ समोर बोट ठेवायचं नाही, दोन्ही बाजूंना ठेवायचं.

गणपतीवाला
२०१८ ला प्लास्टिकबंदीत थर्माकोल गेलं तेव्हापासून आमच्या घरी प्लायचं मखर. पहिल्या वर्षी सुताराकडून करून घेतलं, दुसऱ्या वर्षी मेव्हण्याच्या स्क्रोल सॉवर जाळ्या मीच कापल्या. चार एकसारख्या जाळ्या हव्या होत्या तर ३ मिमीच्या चार प्लाय एकावर एक ठेवून, कडेला दुहेरी टेप लावून एकदमच कापल्या. चारही तंतोतंत, चूकसुद्धा चारीत तीच. एक कमळ सात पाकळ्यांचं आहे, चार ठिकाणी. आता ते आमच्याकडची परंपरा म्हणून सांगतो.

ड्रायबाल्कनी
दीड महिन्याने येतोय, क्षमस्व. सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवलेत प्रतिसाद.

दोघांचंही ऐकलं. आधी हातकरवत घेतली (सुतारपक्षी), बारा दिवसांत मनगट गेलं (गिअरबॉक्स), मग १६ इंची मशीन घेतलं, दोन्ही प्रकारची ब्लेडं बसणारं. योगा मॅट घातलीय, बायकोची होती, आता नवीन घ्यावी लागली. काकांची तक्रार अजून नाही, उलट परवा वर येऊन त्यांनी विचारलं सोसायटीची पाटी करून मिळेल का.

अडचणी: १. सरळ रेष सरळ जातच नाही, ब्लेड सारखं उजवीकडे पळतं. मशीन खराब लागलंय का? २. कड जळून तपकिरी होते. ३. खालच्या बाजूला कुसळं निघतात. ४. सोनारकामाच्या दुकानातून स्वस्तात ब्लेडं आणली, ती चालतच नाहीत.

सुतारपक्षी
१. मशीन ठीक आहे. ही ब्लेडं बनवतानाच एका बाजूला बारीक धार उरते आणि ती बाजू जास्त कापते. सगळ्यांचंच पळतं. फळी सरळ समोर न धरता थोडी तिरकी धरून सारायची, किती ते टाकाऊ तुकड्यावर बघायचं. आठवड्यात हात आपोआप तिरका होतो.

पण टेबल काटकोनात आहे ना ते तपासा. जाडसर ठोकळ्याला ब्लेडाने दोन मिमी खाच पाडा, ठोकळा ब्लेडाच्या मागे नेऊन तीच खाच मागून ब्लेडाला लावा. वरपासून खालपर्यंत बसली तर काटकोन, नाही बसली तर टेबल हलवा. गुण्यापेक्षा हे बरं. ताणही बघा, ब्लेड बोटाने छेडलं तर तंबोऱ्यासारखं नाही, सतारीच्या वरच्या तारेसारखं वाजलं पाहिजे.

२. नमुन्याच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप लावा. खाली मास्किंग टेप, त्यावर ग्लूस्टिकने कागद, वर पॅकिंग टेप. जळणं बरंच थांबतं, आणि शेवटी सगळं एकदम सोलून निघतं. ढकलू नका, लाकूड ब्लेडाने खाल्लं पाहिजे, तुम्ही भरवायचं नाही.

३. रिव्हर्स टूथ ब्लेड मागवा. खालचे काही दात उलटे असतात, वर येताना खालची कुसळं कापतात. लावताना दोन-तीन उलटे दात टेबलाच्या वर आले पाहिजेत.

४. ती धातूची ब्लेडं. दात इतके दाट असतात की भुसा बाहेर पडायला जागाच नाही, अडकतो नि जळतो. ठेवून द्या, पितळ कापायला लागतील. आणि आधी कापताय तरी काय?

ड्रायबाल्कनी
तिरकं धरून बघितलं. जातंय!! सरळ जातंय! पॅकिंग टेपही कमाल.

नाव आमचंच, आडनावात अनुस्वार आहे. कापून झालं, वर उचललं आणि टिंब टपकन खाली पडलं. भुशात अर्धा तास शोधलं. दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनच्या फिल्टरमध्ये सापडलं.

मृण्मयी_नागपूर
फोटो डकवा. आणि टिंब पाठीवरून चिकटवा म्हटलं होतं.

ड्रायबाल्कनी
फोटो रंग दिल्यावर. टिंब फुगलंय, नवीन कापतोय.

नवा_भिडू
नमस्कार, मीपण स्क्रोल सॉ घ्यायच्या विचारात आहे. ऑनलाइन एक स्वस्त दिसतंय, त्यात पिनवालं ब्लेड लिहिलंय. चालेल का? जाळीकाम करायचंय.

पेठेतला
वरून दुसरा प्रतिसाद.

नवा_भिडू
वाचला. पण आता ऑर्डर देऊन झाली.